विद्यार्थ्याची मुदत

पेशवाईत दूरच्या मुलखात जाणारा प्रवासी जवळ दस्तक बाळगी, आणि वाटेतल्या चौक्यांनी यास मुजाहीम होऊ नये, अशी ताकीद त्यात असे. माणूस कोण, बरोबर काय आणि जावयाचे कोठे, एवढ्यावर राहदारीची चौकशी संपे. काशीस न्याय अथवा व्याकरण शिकावयास निघालेला विद्यार्थी तेथे किती वर्षे राहील, हे ठरविण्याचा अधिकार मार्गावरच्या कोणत्याही चौकीदारास नव्हता; ती मुदत गुरूची मर्जी, शिष्याची बुद्धी आणि अन्नछत्राची कृपा यांवर अवलंबून असे.

हीच रीत समुद्रापलीकडेही पुष्कळ काळ चालली. आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि सुमारे दोन महिन्यांच्या प्रवासानंतर 4 जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा हिंदुस्थानातून आलेल्या विद्यार्थिनीकडे पारपत्र मागणारा कायदा अमेरिकेत नव्हता. 1882 च्या सर्वसाधारण कायद्याने गुन्हेगार, वेडे आणि सरकारी खर्चावर पोसावे लागतील असे लोक तेवढे वर्ज्य केले होते, आणि दर परदेशी उतारूमागे जहाजवाल्याकडून अर्धा डॉलर डोईपट्टी घेतली जाई. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी हाती पडेपर्यंत त्यांच्या वास्तव्याचे दिवस कोणी मोजले नाहीत. खरी दुर्लंघ्य सीमा होती ती घरच्या बाजूस. समुद्रपर्यटनाचा दोष आणि बहिष्काराचे भय यांच्यापुढे न्यूयॉर्कचा धक्का म्हणजे अगदीच सौम्य नाका म्हटला पाहिजे.

परंतु हे औदार्य सर्वांच्या वाट्याला येत नव्हते. त्याच 1882 सालच्या मे महिन्यात चिनी मजुरांना दहा वर्षे मज्जाव करणारा कायदा झाला होता, आणि त्यातून सूट मिळालेल्या चिनी विद्यार्थ्याला, आपण मजूर नाही हे पटविण्यासाठी, नाव, वय, उंची, शरीरावरील खुणा आणि व्यवसाय नमूद केलेला आपल्या सरकारचा दाखला रुजू करावा लागे. विद्यार्थी ही एक वेगळी जात असून ती कागदाने सिद्ध करावयाची असते, ही कल्पना सीमेवर रुजली ती अशा अविश्वासातून.

तरीही मुदत अद्याप सीमेच्या हाती गेली नव्हती. भीमराव आंबेडकर 1913 च्या जुलैत कोलंबिया विद्यापीठासाठी न्यूयॉर्कला पोहोचले, त्यापूर्वी 4 जून रोजी त्यांनी बडोदे संस्थानाशी करार केला होता. त्यांचा काळ बांधलेला होता तो या करारानेच: शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी, आणि शिष्यवृत्तीची मुदत सरली की परत. 1916 साली लंडनला सुरू केलेला अभ्यास 1917 मध्ये अर्ध्यावर सोडून त्यांना परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाने दिली, आणि त्या अवधीतच, 1920 च्या जुलैत, ते पुन्हा निघाले. घड्याळे दोन होती, एक दरबारचे आणि एक विद्यापीठाचे. बंदरावरच्या अंमलदाराचे नव्हते.

मधल्या महायुद्धाने हा रिवाज मोडला. पारपत्र आणि त्यावरील वकिलातीचा शेरा ही खरे तर युद्धकाळाची तात्पुरती खबरदारी. पण 1920 च्या ऑक्टोबरात राष्ट्रसंघाची परिषद पॅरिसला भरली तेव्हा हे निर्बंध उठावेत अशी इच्छा प्रकट होऊनही प्रत्यक्षात ठरला तो बत्तीस पानी पारपत्राचा नमुना. तात्पुरत्या सरकारी गोष्टींचे आयुष्य असे दांडगे असते! त्याच साली हिंदुस्थानातही प्रवेशासाठी पारपत्राचा कायदा झाला.

विद्यार्थ्यापुरती गोष्ट पूर्ण केली ती अमेरिकेच्या 1924 च्या कायद्याने. 1917 मध्येच हिंदुस्थान निषिद्ध पट्ट्यात घातला गेला होता, तरी विद्यार्थ्यांना त्यातून वगळले होते. आता नव्या कायद्याने विद्यार्थी कोण, याची व्याख्याच केली: वय किमान पंधरा वर्षे, येण्याचा हेतू केवळ अध्ययन, आणि संस्था मजूर खात्याच्या मंत्र्याने मान्य केलेली. मान्यतेची अट अशी, की विद्यार्थ्याची हजेरी बंद होताच संस्थेने मंत्र्यास कळवावे. ही खबर देण्यात हयगय झाली, तर संस्थेचीच मान्यता काढून घेतली जाई. अशा रीतीने अध्यापकाच्या हातातली हजेरीची वही सीमेवरच्या चौकीची वही झाली.