बोधनिक दृष्टिकोन आणि महाराष्ट्रातील विवेकनिष्ठ मानसोपचार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मनाचे शास्त्र म्हणून जन्मास आलेल्या मानसशास्त्राने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मनालाच आपल्या कक्षेबाहेर ठेवले, ही या विषयाच्या इतिहासातील विलक्षण घटना होय. १९१३ मध्ये वॉटसन यांनी वर्तनवादाची भूमिका मांडली. तीनुसार केवळ निरीक्षणक्षम वर्तन हाच अभ्यासविषय ठरला. मन पुन्हा शास्त्राच्या केंद्रस्थानी कसे आले आणि महाराष्ट्रात त्याचे कोणते फलित दिसते, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बोधनिक दृष्टिकोनाचा उदय :
१९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांनी तात्कालिक स्मृतीची मर्यादा सुमारे ७ (अधिक-उणे २) घटकांची असल्याचे मांडले. १९५९ मध्ये नोम चॉम्स्की यांनी स्किनर यांच्या भाषाविषयक उपपत्तीची कठोर चिकित्सा केली. १९६७ मध्ये अल्रिक नायसर यांच्या ग्रंथाने या प्रवाहास 'बोधनिक मानसशास्त्र' हे नाव रूढ करून दिले. उद्दीपक आणि प्रतिक्रिया यांच्या दरम्यान मन माहिती ग्रहण करते, निवडते, साठविते आणि तिचा अर्थ लावते, हे या दृष्टिकोनाचे मूलसूत्र होय. या प्रवाहाला समांतर अशी वाटचाल उपचारक्षेत्रातही घडत होती. १९५५ मध्ये अल्बर्ट एलिस यांनी मनोविश्लेषणाचा मार्ग सोडून नवी उपचारपद्धती मांडली. घटना नव्हे, तर घटनेविषयीचा दृष्टिकोन भावनिक क्लेशास प्रामुख्याने कारणीभूत असतो, हे एपिक्टेटसचे जुने तत्त्व त्यांनी उपचाराचा पाया केले.

महाराष्ट्रातील स्वीकार :
मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी १९६८ मध्ये एलिस यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. तो तीन दशकांहून अधिक काळ चालला. समुद्रापलीकडील गुरूकडून पत्रांद्वारे मिळविलेली ही विद्या फडके यांनी 'विवेकनिष्ठ' या विशेषणासह मराठीत रुजविली. या शब्दाची निवड अर्थपूर्ण आहे. संतवाङ्मयात विवेक हा साधकाचा गुण होता. १८८८ मध्ये 'सुधारक' काढणाऱ्या आगरकरांच्या लेखनात तो समाजसुधारणेचे साधन बनला. फडके यांच्या हाती तो मनःस्वास्थ्याचा आधार झाला. पुढे १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' या संस्थेच्या कार्यातून आणि त्यांच्या 'स्वभाव-विभाव' या पुस्तकातून हा विचार सामान्य वाचकांपर्यंत पोहोचला.

मराठी भाषेत या पद्धतीचे मर्म एका अक्षरात सांगता येते. मीरा-भाईंदर परिसरातील मोरवा गावचा एखादा विद्यार्थी परीक्षेत नापास झाला, असे समजा. 'मी उत्तीर्ण व्हायला हवे होते' या विचारातून दुःख उपजते आणि ते पुढील प्रयत्नास प्रवृत्त करू शकते. 'मी उत्तीर्ण व्हायलाच हवे होते. झालो नाही, म्हणजे मी कुचकामी' या विचारातून मात्र नैराश्य येते. इच्छेचे हट्टात रूपांतर करणारा हा 'च' ओळखणे, त्यास पुरावा मागणे आणि पर्यायी विचार घडविणे, ही उपचाराची प्रक्रिया होय.

मर्यादा :
संगणकाच्या रूपकातून मन पाहणाऱ्या संशोधनाच्या प्रयोगशाळाबद्धतेवर स्वतः नायसर यांनीच १९७६ मध्ये टीका केली. उपचारपद्धतीवरही एक गंभीर आक्षेप संभवतो. गरिबी, जातिभेद किंवा कौटुंबिक हिंसा यांनी पीडित व्यक्तीस 'विचार बदला' असे सांगणे म्हणजे अन्यायाचे ओझे पीडितावरच टाकणे नव्हे काय? एलिस यांनी दुःख आणि नैराश्य, काळजी आणि चिंता यांत केलेला भेद येथे उपयुक्त ठरतो. अन्यायाविषयीची नाराजी विवेकाशी विसंगत नाही. माणसास निष्क्रिय करणारी हतबलता तेवढी दूर करावयाची असते. हा भेद विसरल्यास उपचार आणि उपदेश यांत अंतर उरत नाही.

निष्कर्ष :
बोधनिक दृष्टिकोनाने मनास शास्त्रीय अभ्यासाचा विषय म्हणून पुनःप्रतिष्ठा दिली, तर महाराष्ट्रातील अभ्यासकांनी त्यास मराठी परिभाषा दिली. अध्यापनात हा विषय केवळ पाश्चात्त्य उपपत्तींच्या क्रमाने न शिकविता या स्थानिक इतिहासासह शिकविल्यास, नापास झालेल्या विद्यार्थ्याशी कोणत्या शब्दांत बोलावे, याचेही भान अध्यापकास येऊ शकेल.