शकुंतलेचे ओसाड स्थानक आणि आपला इतिहास

वऱ्हाडातली शकुंतला रेल्वे बंद पडली की वर्तमानपत्रांत आठवणींचा पूर येतो. झुकझुक गाडी, कोळशाचा धूर, मामाचा गाव! दारव्हा-मोतीबागसारख्या ओसाड स्थानकांचे फोटो छापले जातात. आम्हाला मात्र वेगळाच प्रश्न पडतो: या फलाटावर ओझे कोण वाहत होते?

आधी इतिहास पाहू. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. मुंबई-नागपूर मुख्य मार्ग झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे 762 मिलिमीटरचे अरुंद रूळ टाकले. हेतू लोकसेवा नव्हता, कापूस होता. पुढे 1921 साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर 1994 पर्यंत धावले. रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली.

मग आपल्या माणसाला यातून काय मिळाले? कापूस वेचणारे हात भूमिहीनांचे, गाठी उचलणारे खांदे मजुरांचे, नफा मात्र सावकाराचा, अडत्याचा आणि कंपनीचा.

तरीही आम्ही रेल्वेला निव्वळ शोषणाचे यंत्र म्हणणार नाही. तिकिटावर जात छापलेली नव्हती. पैसे मोजले की थर्ड क्लासच्या बाकावर सवर्णाला आणि अस्पृश्याला शेजारी बसावे लागे. गावगाड्याने न दिलेली मोकळीक त्या डब्याने काही तासांपुरती दिली.

पण डब्यातून उतरल्यावर? 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी 1901 चा प्रसंग सांगितला आहे. सातारा भागातल्या मसूर स्थानकावर लहानगा भीम आणि सोबतची मुले उतरली. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनीच बैलगाडी हाकली आणि गाडीवान बाजूने पायी चालला. रेल्वेने मुलांना आणले होते, जातीने त्यांना फलाटावर अडवले. इतर अनेक स्थानकांवर तर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे मिळत असे. लोखंडी रूळ आले म्हणून मनुस्मृती रुळावरून घसरली नाही!

म्हणून मित्रांनो, शकुंतलेसाठी नुसते हळवे होऊ नका. ती बंद पडल्याचा फटका मोटारवाल्यांना बसला नाही. तो बसला कमी भाड्यात बाजाराला, दवाखान्याला, मजुरीला जाणाऱ्यांना. 2016 मध्ये ब्रॉडगेजची घोषणा झाली. घोषणेने कुणी प्रवास करत नाही. सार्वजनिक वाहतूक ही दया नाही, समतेची अट आहे. तिची मागणी आपण संघटितपणे केली पाहिजे.

आणि दुसरे काम आजच करा. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. गाठी कोण उचलायचे, मजुरी काय मिळायची, स्थानकावर पाणी कोण वाढायचे, ते विचारून लिहून ठेवा. कंपनीच्या वहीत कापसाच्या गाठींचा हिशेब सापडेल, आपल्या आजोबांचे नाव सापडणार नाही. ते आपणच लिहायचे आहे.

जय भीम!