गॅलिलिओचे वडील आणि तारेला टांगलेलं वजन

गॅलिलिओ आपल्याला शाळेपासून माहीत असतो. त्याच्या वडिलांचं नाव मला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी कळलं. ताणलेल्या तारेच्या कंपनाचं सूत्र सगळ्यात आधी कुठे येतं ते शोधत मागे मागे जात होतो, आणि शेवटी हाती लागला तो एक संगीतशिक्षक: व्हिन्चेन्झो गॅलिली. लिटरेचर रिव्ह्यू कसा करायचा असं ज्युनिअर मुलं विचारतात, तेव्हा मी हल्ली याचीच गोष्ट सांगतो.

व्हिन्चेन्झोचा जन्म 1520 च्या सुमाराचा, इटलीत तस्कनीमधल्या सांता मारिया आ मोंते या खेड्यातला. घराण्याला जुनं नाव होतं, पैसा मात्र उरला नव्हता. तो ल्यूट वाजवायचा (आतड्याच्या तारांचं, छेडून वाजवायचं वाद्य). पिसा या लहानशा विद्यापीठाच्या गावात तो संगीताच्या शिकवण्या घेई आणि जोडीला कापडाचा व्यापार करी. 1562 मध्ये जूलिया अम्मान्नातीशी लग्न झालं, 1564 मध्ये गॅलिलिओ झाला, मग पाठोपाठ आणखी मुलं. नुसत्या शिकवण्यांवर घर चालत नाही हे त्याने भोगलं होतं. म्हणून 1581 मध्ये मोठ्या मुलाला त्याने पिसालाच डॉक्टरकी शिकायला घातलं. मुलगा गणिताच्या नादी लागला आणि 1585 मध्ये पदवी न घेताच घरी परत आला. घर एव्हाना फ्लॉरेन्सला हललं होतं. त्या दिवशी घरात काय बोलणं झालं असेल, हे आपल्याकडच्या मुलांना वेगळं सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा. संगीताच्या ग्रंथांमध्ये पायथागोरसची एक गोष्ट चालत आलेली होती. लोहाराच्या दुकानावरून जाताना त्याला हातोड्यांचे सूर जुळलेले ऐकू आले. हातोडे तोलले तर वजनं 12, 9, 8 आणि 6 निघाली. तीच वजनं त्याने तारांना टांगली आणि तेच सूर मिळाले. म्हणजे 12 आणि 6 ची जोडी सा आणि तार सा, 9 आणि 6 ची जोडी सा आणि पंचम. दुसऱ्या शतकातल्या निकोमाकसने हे लिहिलं, सहाव्या शतकात बोएथियसने लिहिलं, आणि पुढचे लेखक एकमेकांवरून उतरवत राहिले.

गंमत अशी की हे चूक आहे. तार निम्मी केली की तार षड्ज मिळतो हे बरोबर, पण तो लांबीचा नियम झाला. ताणाचा नियम वेगळा: कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एकाच लांबीच्या, एकाच जाडीच्या दोन तारा घ्या. एकीला दुप्पट वजन टांगा. सूर 1.41 पट चढेल, म्हणजे तार सा सोडाच, जेमतेम तीव्र मध्यमाच्या आसपास येईल. 9 आणि 6 ची वजनं लावली तर पंचमाऐवजी कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये कुठेतरी सूर लागेल. तंबोरा जुळवणाऱ्या कुणालाही हे कानाने लगेच कळावं, इतका हा फरक ढोबळ आहे. तरीही ही गोष्ट चौदाशे वर्षं पुस्तकांतून फिरत राहिली.

व्हिन्चेन्झोने 1589 मध्ये छापून सांगितलं की तार षड्जासाठी वजन चौपट लागतं आणि पंचमासाठी 9 ला 4. मला जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. 1581 च्या स्वतःच्या ग्रंथात त्याने जुनी समजूतच धरली होती. आठ वर्षांनी त्याने ते कबूल केलं आणि करून पाहिल्यावर मत बदलल्याचं सांगितलं. वाद कुणाशी, तर जोसेफ्फो झार्लिनोशी, ज्याच्याकडे तो व्हेनिसला जाऊन शिकला होता. झार्लिनो म्हणजे त्या काळचा संगीतशास्त्रातला शेवटचा शब्द. गाइडच्या पुस्तकातली चूक दाखवायची आणि त्याच वेळी स्वतःचीही, हे किती जड जातं ते लॅबमध्ये बसल्यावर कळतं. आमच्याकडे एक कॅलिब्रेशनचा आकडा जुन्या थीसिसमधून नव्या थीसिसमध्ये उतरत आला होता. मीही तो तपासला नाही. चार महिने गेले.

पण म्हणून व्हिन्चेन्झोला देव्हाऱ्यात बसवू नका. लांबीला 2, वजनाला 4, मग नळीतल्या हवेच्या घनफळाला 8, अशी सुबक मालिका त्याने मांडली. बासरीसारख्या नळीत सूर मुख्यतः लांबीवर ठरतो. घनफळाचा आठपट नियम लागू पडतो तो लांबी-रुंदी सगळंच दुप्पट केलं तर, तेही ढोबळमानाने. एक पॅटर्न हाती लागला की पुढचा आकडा आपोआप खरा वाटायला लागतो, तसं झालं असावं.

या प्रयोगांच्या वेळी पंचविशीतला, बेकार गॅलिलिओ घरीच होता, आणि वजनं टांगताना पाहूनच त्याला प्रयोगाची गोडी लागली, असं विज्ञानाचे इतिहासकार स्टिलमन ड्रेक यांनी मांडलं. हा तर्क आहे, पुरावा नाही. सेमिनारमध्ये सांगाल तर तेवढं जपून सांगा.

1591 मध्ये व्हिन्चेन्झो वारला. गॅलिलिओ तेव्हा पिसाला वर्षाला 60 स्कुदी पगारावर गणित शिकवत होता. बहिणीच्या हुंड्याचे हप्ते त्याच्या गळ्यात पडले, ते थकले, आणि मेहुण्याने अटकेची धमकी दिली. पुढे 1638 मध्ये, नजरकैदेत आणि दृष्टी गेलेली असताना, त्याचं शेवटचं मोठं पुस्तक छापून आलं. त्यातल्या पहिल्या दिवसाच्या संवादात तारेचा सूर चढवायचे तीन मार्ग दिले आहेत: तार आखूड करा, ताणा किंवा बारीक करा. आणि ताणूनच तार षड्ज हवा असेल तर वजन किती, तेही तिथे आहे: चौपट.