मुंबई उपनगरांतील पाट्या व त्या रंगविणारे पेंटर

देवळाच्या स्मरणिकेत पाट्या रंगविणाऱ्यांची हकीगत कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु पोटासाठी मुंबई गाठलेल्या माणसांनी जे नाना धंदे पत्करले त्यांत हाही एक होता. शिवाय देणगीदारांची नावे भिंतीवर वळणदार अक्षरांत लिहून जाणारा माणूसही याच जातकुळीचा.

अंधेरी, घाटकोपर ही ठिकाणे १९५० साली, तर बोरिवली, मुलुंड ही १९५७ साली बृहन्मुंबईत दाखल झाली. वस्ती वाढली, दुकाने, गिरण्या, दवाखाने निघाले. दुकान म्हटले की पाटी आली आणि पाटी म्हटली की पेंटर आला.

काम दिसते तितके सोपे नव्हते. लाकडी चौकटीवर पत्रा ठोकावयाचा, त्यावर प्रायमर, मग ऑइलपेंटचे दोन हात. सुकल्यावर खडूची पूड लावलेला दोरा ताणून टिचकी मारावयाची, की सरळ रेघ उमटते. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभे राहते. आपले अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. सबब मात्रा, वेलांटी, रफार यांना वर आणि उकाराला खाली जागा अगोदरच राखावी लागे. ‘श्रीकृष्ण स्टोअर्स’ लिहावयाचे तर जोडाक्षरांतच निम्मी पाटी खर्ची पडते. हात हलू नये म्हणून डाव्या हातातील काठीवर उजवे मनगट टेकवावयाचे. शेवटी कोपऱ्यात बारीक अक्षरांत स्वतःचे नाव. हीच काय ती त्याची जाहिरात.

‘पेंटर’ हा शब्द तर आपल्याकडे आडनावासारखा चिकटला. कोल्हापूरचे कै. बाबूराव मेस्त्री हे बाबूराव पेंटर झाले. नाटकांचे पडदे रंगविता रंगविता त्यांनी १९२० साली ‘सैरंध्री’ हा बोलपट नव्हे, मूकपट काढला. जगप्रसिद्ध चित्रकार हुसेन यांनीही उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगविले होते.

अक्षरालाच ज्यांनी चित्र केले ते कै. कमल शेडगे मुलुंडचे. नाटकांच्या जाहिरातींतील नावे ते अशी काढीत की, नाटकाचा स्वभाव अक्षरांतूनच कळावा. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे नाव त्यांच्याच हातचे. ४ जुलै २०२० रोजी ते निवर्तले.

सन २००० च्या आसपास फ्लेक्स आला आणि धंद्याचे कंबरडे मोडले. तीन दिवसांचे काम यंत्र तासाभरात करू लागले, तेही स्वस्तात. गंमत अशी की, संगणकातील ‘मंगल’ हे वळण घडविले ते पवईच्या आय. आय. टी. त शिकविलेल्या प्रा. र. कृ. जोशी यांनी. यंत्रामागेही हात होताच. पण त्या हाताने शेकडो हात रिकामे झाले, हे नमूद केलेच पाहिजे.

पुढे मार्च २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांसही मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नसावे, असेही ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांस दोन महिन्यांची मुदत दिली. इतकी वर्षे ज्याची मागणी होती ते काम एकदम निघाले. पण ते घ्यावयास पेंटर कितीसे उरले होते? बहुतेक काम यंत्राकडे गेले, आणि ऱ्हस्व-दीर्घाची जी दशा झाली ती रस्त्याने जाणाऱ्यास दिसतेच.

आकाराची हावही वाढली. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळात १२० फूट लांबरुंद जाहिरातफलक पेट्रोलपंपावर कोसळून १७ माणसे प्राणांस मुकली. शिडीवर चढून रंगवावयाच्या पाटीला माणसाच्या हाताचे माप असे.

वर्सोवा, मढ येथील कोळी बांधवांच्या होड्यांवर मात्र नाव आणि नोंदणी क्रमांक ब्रशाने लिहिलेले दिसतात. वाकड्या, ओल्या फळीवर फ्लेक्स कसा टिकणार? पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा नारळी पौर्णिमेच्या आत ही रंगरंगोटी उरकून घेतात.