कायद्यातला कमरपट्टा आणि शेतातलं बक्कल

आज लढाया नाहीत, तह नाहीत. आज बोलायचं आहे बकलांबद्दल. म्हणजे कमरेच्या पट्ट्याची बक्कलं, आणि तीही इंग्लंडच्या शेतांत सहा-सातशे वर्षं पडून राहिलेली.

तिसऱ्या एडवर्डच्या काळात, १३६३ साली, कोणी काय ल्यावं याचा कायदा तिथल्या पार्लमेंटने केला. त्याआधी १३४८-४९ची प्लेगची साथ येऊन गेली होती. मजूर कमी उरले, त्यांची मजुरी वाढली, हातात पैसा खेळू लागला आणि वरच्या वर्गाच्या डोळ्यांत ते खुपू लागलं. कायद्याचं म्हणणं असं: नांगऱ्या, गाडीवान, गुराखी, मेंढपाळ, ज्याच्याकडे ४० शिलिंगांचीही मत्ता नाही, त्याने जाडंभरडं लोकरी कापड वापरावं आणि कमरेला लिननचा साधा पट्टा बांधावा. कारागिरांनी सोन्या-चांदीचं बक्कल लावू नये. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत हा कायदा मागे घेतला गेला.

मग सामान्य माणसं खरोखर काय घालत होती? चित्रं बहुधा श्रीमंतांनी काढून घेतलेली. मृत्युपत्रं ज्यांच्याकडे ठेवण्याजोगं काही होतं त्यांची. गुराख्याच्या पट्ट्याबद्दल कोण लिहिणार?

इथे मेटल डिटेक्टर घेऊन रविवारी शेतं धुंडाळणारी हौशी मंडळी कामाला येतात. त्यांना सापडतात बक्कलं, पट्ट्याच्या टोकाला बसवायच्या पट्ट्या, पट्ट्यावर ठोकायची फुलं, अंगरख्याचा गळा बांधायचे गोल ब्रोच, आणि आपल्या बुटाच्या नाडीला असते तशी पत्र्याची इवलीशी नळी. बहुतेक सगळं तांब्याच्या मिश्रधातूचं, हिरवट पडलेलं. कातडं केव्हाच कुजून गेलेलं असतं. पण बकलाच्या पत्र्यात अडकलेला एखादा तुकडा तांब्याच्या क्षारांमुळे टिकतो. काहींच्या खोबणीत सोन्याचा मुलामा अजून दिसतो. चांदीचं परवडत नव्हतं, तरी चमक हवीच होती! मला वाटतं, १३६३च्या कायद्यामागची भीती या मुलाम्यात जितकी स्पष्ट कळते तितकी कायद्याच्या मसुद्यातही कळत नाही.

आता हे किती जुनं, हे ठरवायचं कसं? नांगराने थर उलथेपालथे केलेले, त्यामुळे शेतातली माती काही सांगत नाही. त्यासाठी लंडनमधलं उत्खनन उपयोगी पडलं. थेम्सकाठी भराव टाकून किनारा पुढे सरकवत नेला होता. त्या भरावांचा काळ धक्क्याच्या लाकडांवरून आणि नाण्यांवरून ठरवता आला. तिथल्या वस्तूंवर जेफ इगन आणि फ्रान्सिस प्रिचर्ड यांचं १९९१चं पुस्तक आहे. शेतातलं बक्कल आजही त्यातल्या नमुन्यांशी ताडून पाहतात.

मात्र जागा माहीत हवी. १९९७पासून तिथे पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम चालते. शोधणारा वस्तू घेऊन येतो, अधिकारी मोजमाप आणि फोटो घेतात, कोणत्या शेतात सापडली ते नोंदवतात आणि वस्तू परत देतात. आज १५ लाखांहून अधिक वस्तूंची नोंद आहे. सोन्या-चांदीची जुनी वस्तू कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. तांब्याचं साधं बक्कल कळवणं ही खुशीची गोष्ट. न कळवता लिलावात विकलेलं बक्कल सुंदर असेलही, पण ते कुठल्या गावचं हे कायमचं गेलं.

आणि नोंद झाली तरी जपून वाचावी लागते. शेतात सापडलं म्हणजे नांगऱ्याचंच असं नाही. घरातला, कधी शहरातलाही कचरा खतात मिसळून शेतात पडत असे. शिवाय खिळ्यांना कंटाळून पुष्कळ जण यंत्रावर लोखंडाचा आवाजच बंद करून ठेवतात. लोखंडी बक्कलं तर त्या काळी सर्रास होती. म्हणजे सगळ्यात साधा पट्टा यादीत सगळ्यात कमी दिसणार.

हे ऐकून कोणाला यंत्र घेऊन एखाद्या किल्ल्यावर जावंसं वाटलं असेल, तर थांबा. आपल्याकडे संरक्षित स्मारकाच्या आवारात परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. १८७८चा निखात निधीचा कायदाही अजून लागू आहे: जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर लेखी कळवायचं जिल्हाधिकाऱ्याला.