तारेच्या टोकाला काय लावावे?



आपल्यापैकी जी मंडळी वयाची साठी ओलांडून गेली आहेत त्यांना एक लहानशी पुस्तिका आठवत असेल. घरात रेडिओ आला की पोस्टात जाऊन ती काढावी लागे, आणि दरसाल पैसे भरून तिच्यावर तिकीट चिकटवून घ्यावे लागे. रेडिओ आपण आपल्या पैशाने घेतलेला, आपल्याच घरातल्या फळीवर ठेवलेला. मग त्याला सरकारचा परवाना कशाला, असे तेव्हा पुष्कळांनी मनात म्हटले असेल. काहींनी पुस्तिका न काढता गुपचूप गाणीही ऐकली असतील! तो परवाना १९८० च्या दशकात बंद झाला. पण ज्या कायद्याखाली तो काढावा लागे तो कायदा रेडिओपेक्षाही जुना होता. १८८५ चा भारतीय तार कायदा हा तो कायदा. या कायद्याने नाशिकजवळच्या सातपूरच्या एखाद्या लहान कारखानदाराला शंभर वर्षांनंतर कोणत्या पेचात टाकले असेल, ते आज सांगायचे आहे.

सातपूर म्हणजे नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना लागणारे गाव. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि सातपूरच्या शेतजमिनीवर कारखान्यांची वसाहत उभी राहू लागली. डिझेल इंजिनाचे भाग करणारा ‘मायको’सारखा मोठा कारखाना आला, आणि मोठ्या झाडाखाली रोपे उगवावीत तसे त्याच्या अवतीभोवती शेकडो लहान वर्कशॉप उभे राहिले. कुठे दोन लेथ, कुठे एक प्रेस, आणि मालक स्वतःच मशीनवर उभा. १९८२ साली सातपूरची नगरपालिका नाशिक महानगरपालिकेत मिळाली, तरी आजही माणसे ‘सातपूरला कामाला आहे’ असेच म्हणतात.

अशा वर्कशॉपवाल्याला काय लागते? मुंबई-पुण्याच्या कंपनीकडून जॉबचे ड्रॉइंग वेळेवर हातात पडायला लागते. टपालाने ते यायला दोन-तीन दिवस जात. टेलिफोनवर माप सांगावे तर ‘पंधरा’चे ‘पन्नास’ ऐकू यायचे आणि शंभर नग भंगारात जायचे. म्हणून १९९० च्या सुमारास फॅक्सचे यंत्र आले तेव्हा अशा माणसाला हायसे वाटले. कागद यंत्रात घालायचा, नंबर फिरवायचा, की एखाद्या मिनिटात त्याची हुबेहूब प्रत दुसऱ्या गावी उमटते. त्यात आपल्या भाषेची एक सोयही होती. तार आणि टेलेक्स यांचा कारभार बहुतेक रोमन अक्षरांत चाले. फॅक्सला मात्र लिपी कळतच नव्हती. हाताने लिहिलेली मराठी चिठ्ठी, काना-मात्रा-वेलांटीसकट, जशीच्या तशी जाई.

आता एक नवलाची गोष्ट सांगतो. शिक्षकांनी ती मुलांना जरूर सांगावी. हे यंत्र टेलिफोनपेक्षा वयाने मोठे आहे. ग्रॅहम बेलचा टेलिफोन १८७६ सालचा. तारेवरून चित्र पाठवण्याच्या युक्तीचे पेटंट अलेक्झांडर बेन नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १८४३ सालीच घेतले होते. १८६५ साली पॅरिस आणि लिआँ या शहरांच्या दरम्यान कासेल्ली नावाच्या इटालियन पाद्र्याचे यंत्र चालू झाले. सही खरी की खोटी हे पडताळायला त्याचा उपयोग होई. पण निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रे एकमेकांची भाषा समजत नसत. १९८० साली आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘ग्रुप तीन’ नावाचा नियम ठरवला, आणि मग कुठलेही यंत्र कुठल्याही यंत्राशी बोलू लागले. कागदाच्या रुंदीत १७२८ ठिपके. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढेच ते यंत्र पाहते, आणि ते सुरांच्या रूपाने लाईनवरून पाठवते. चुकून फॅक्सच्या नंबरावर फोन लावला की कानात जी कर्कश शिट्टी वाजे, ती या बोलण्याची सुरुवात.

तर पेच असा. यंत्र बाजारात मिळते, परदेशातला भाचा आणून देतो, पण ते लावायचे कुठे? टेलिफोनच्या लाईनीला. आणि लाईन होती खात्याची. भिंतीवरचा डबा खात्याचा, टेबलावरचे काळे यंत्रसुद्धा खात्याचेच. आपण फक्त भाडे भरणारे. १८८५ च्या कायद्याच्या चौथ्या कलमाने तार उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क एकट्या सरकारला दिला होता. इतरांनी ते करायचे तर परवाना हवा, आणि बिनपरवान्याला दंडाची नि कैदेचीही तरतूद होती.

तुम्ही म्हणाल, कायदा तारेचा आणि यंत्र टेलिफोनचे, यांचा संबंध काय? हाच प्रश्न विलायतेत आधी निघाला होता. तिथे तारेची मक्तेदारी पोस्ट खात्याकडे होती. एडिसनच्या टेलिफोन कंपनीचे म्हणणे असे की, कायदा झाला तेव्हा टेलिफोन जन्मालाही आला नव्हता, तर तो आम्हांला कसा लागू व्हावा? १८८० साली न्यायालयाने निकाल दिला की टेलिफोन हीसुद्धा तारच. पाच वर्षांनी आपला कायदा झाला तेव्हा ‘तार’ या शब्दाची व्याख्या ऐसपैस ठेवली गेली. त्या ऐसपैस घोंगडीखाली पुढे टेलिफोन आला, रेडिओ आला, आणि फॅक्सही आला. तो कायदा १ ऑक्टोबर १८८५ रोजी अमलात आला. ही तारीख लक्षात ठेवा, पुन्हा लागेल.

खात्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण ती खोटी नव्हती. लहानपणी दोन डबे आणि मधे दोरा असा टेलिफोन आपण सर्वांनी केला आहे. दोघे बोलत असताना तिसऱ्याने दोरा चिमटीत धरला की आवाज मरतो. डब्यात कुणी जोराने किंचाळला तर पलीकडच्याचे कान बधिर होतात. खऱ्या लाईनीचे तसेच आहे. एक्स्चेंजकडून तिच्यावर ४८ व्होल्टचा दाब असतो, आणि घंटी वाजते तेव्हा सुमारे ७५ व्होल्ट. फॅक्सचे यंत्र एका बाजूने या लाईनीला आणि दुसऱ्या बाजूने घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला जोडलेले. आतली एखादी जोडणी फुटली तर ती वीज टेलिफोनच्या तारेत उतरते, आणि त्या वेळी खांबावर चढलेला लाईनमन काय करील बिचारा? दुसरे असे की, एकाच केबलीत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जोड्या लगटून गेलेल्या असतात. यंत्राचा सूर जरुरीपेक्षा मोठा निघाला तर तो शेजारच्या बोलण्यात झिरपतो. आणि माणूस दोनदा नंबर लावून कंटाळतो. यंत्राला कंटाळा नाही. ते रात्रभर तोच नंबर लावीत बसले तर एक्स्चेंज त्यातच गुंतून पडते. तेव्हा तारेच्या टोकाला काय लावायचे याला नियम हवाच.

पण नियमाने विचारायला हवे होते, हे यंत्र वागते कसे? आणि तो विचारीत होता, हे यंत्र कुणाचे? माझ्या मते सगळी गोची इथेच झाली. चांगले, निरुपद्रवी यंत्र परवान्यावाचून लावणारा माणूस आणि लाईनीचा सत्यानाश करणारा माणूस, दोघेही कायद्याच्या लेखी सारखेच. वर्कशॉपमधल्या माणसाला अपराधी व्हायचे नव्हते. त्याला ड्रॉइंग हवे होते.

हा घोळ आपल्याकडेच होता असे नाही. अमेरिकेत सरकारी खाते नव्हते, खाजगी कंपनी होती, पण तिचाही खाक्या तोच. आपले बोलणे शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून टेलिफोनला लावायची एक साधी वाटी निघाली होती. तीसुद्धा लावायची नाही, असे कंपनी म्हणे! हे भांडण न्यायालयात गेले आणि १९५६ साली वाटीवाला जिंकला. पुढे टेक्सास प्रांतातल्या टॉम कार्टर यांनी रेडिओसंच आणि टेलिफोन यांची गाठ घालणारे उपकरण काढले, आणि १९६८ साली तिथल्या आयोगाने सांगितले की, लाईनीला अपाय होत नसेल तर जोडू द्या. मग अपाय म्हणजे काय याची मोजमापे ठरली.

आपल्याकडे मुंबईत १९६४ साली एक निराळेच यंत्र टेलिफोनला जोडले गेले. लाचेची मागणी झाल्याच्या प्रकरणात एका डॉक्टरांच्या संमतीने पोलिसांनी त्यांच्या टेलिफोनला टेपरेकॉर्डर लावला. आरोपी होते मुंबईचे तत्कालीन कॉरोनर मलकानी. त्यांच्या वकिलांनी याच तार कायद्याचे पंचविसावे कलम पुढे केले. ते कलम तारेशी ढवळाढवळ करण्याबद्दल आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. बोलणाऱ्या दोघांपैकी एकानेच आपल्या राजीखुशीने यंत्र लावू दिले असता ती ढवळाढवळ ठरत नाही, असा निकाल १९७२ साली लागला. म्हणजे नुसते यंत्र जोडले म्हणून गुन्हा नव्हे. जोडून काय केले हे पाहायचे. फॅक्सशी या खटल्याचा संबंध नाही, पण विचाराची दिशा पाहा.

खाते बदलले ते हळूहळू. १९८४ मध्ये टेलिफोनसारखी उपकरणे बनवायला खाजगी कारखान्यांना मुभा मिळाली. दूरसंचार अभियांत्रिकी केंद्र नावाची सरकारी संस्था लाईनीला लावायच्या उपकरणांची तपासणी करून मान्यतेचा दाखला देऊ लागली. १९९४ चे धोरण आले, १९९७ मध्ये नियामक प्राधिकरण आले. २०१७ साली तार नियमांत दुरुस्ती होऊन सक्तीच्या चाचणीचा नियम झाला: प्रयोगशाळेत विजेची सुरक्षितता पाहा, इतर यंत्रांना त्रास होतो का ते पाहा, लाईनीवरचे वागणे पाहा, मग दाखला घ्या, मग विका. साधा टेलिफोन, मोडेम आणि ‘ग्रुप तीन’चे फॅक्स ही पहिल्या टप्प्यातली उपकरणे. त्यांना ही सक्ती लागू झाली १ ऑक्टोबर २०१९ रोजी. मघाची तारीख आठवते ना? बरोबर १३४ वर्षे झाली होती.

प्रश्न अखेर योग्य विचारला गेला, आणि तो वापरणाऱ्याला नव्हे तर बनवणाऱ्याला आणि आयात करणाऱ्याला विचारला गेला, हे फार बरे झाले. पण तोवर पाखरू उडून गेले होते. ड्रॉइंग ई-मेलने येऊ लागले होते, पुढे मोबाईलवरच येऊ लागले. आपली तारसेवा १४ जुलै २०१३ च्या रात्री थांबली. १८८५ च्या कायद्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा संसदेने २०२३ साली संमत केला, आणि २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला.

सातपूरच्या एका परिचित कारखानदारांनी आपली त्या काळातली फाईल मला उघडून दाखवली. फॅक्सचा तो गुळगुळीत कागद उष्णतेने काळा होणारा असे, शाई नसे. वर्षे गेली तशी अक्षरे फिकट होत गेली. पाने उलटत गेलो तर बहुतेक कोरी, पिवळट. ऑर्डर नाही, ड्रॉइंग नाही, कंपनीचे नावही नाही. मधेच एका कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात बॉलपेनने त्यांच्याच हाताने लिहिलेले होते, ‘भोक १२ मि.मी., फोनवर पुन्हा विचारले.’ तेवढे वाचता आले.