इशाऱ्याच्या पायऱ्या : अलर्ट, डेंजर, वॉर्निंग, कॉशन
#धागा #इतिहास #शब्दवेध

१/ दर पावसाळ्यात तानसा तलाव भरून वाहू लागला, की शहापूर, भिवंडी आणि वसई तालुक्यांतील नदीकाठच्या गावांना 'सतर्कतेचा इशारा' दिला जातो. त्याच सुमारास मोबाइलवर 'ऑरेंज अलर्ट' झळकतो, रुळांवर 'कॉशन' लागते आणि विजेच्या खांबावर 'डेंजर' तर बारमाही असतेच. हे सारे शब्द आपण एकाच अर्थाने वाचतो. इंग्रजीत मात्र त्यांच्या पायऱ्या आहेत. त्या कशा घडल्या, ते पाहू.

२/ 'अलर्ट' हा मूळचा शिपायांचा शब्द. इटालियन 'आल एर्ता' म्हणजे उंचावर, टेहळणीच्या जागी. तेथून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. आसनगावजवळचा माहुली किल्ला डोळ्यांसमोर आणा. १६३६ मध्ये शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांनी याच किल्ल्यावर वेढले होते. अशा गडाच्या बुरुजावर जागणारा पहारेकरी म्हणजे 'अलर्ट'. शत्रू अजून तटाला भिडलेला नाही, पण नजर ढळता कामा नये.

३/ त्याचे भावंड 'अलार्म'. 'आल आर्मे' म्हणजे 'शस्त्रे उचला!' अलर्ट डोळे उघडे ठेवायला सांगतो, अलार्म हात चालवायला. पायऱ्यांची कल्पना अशी शब्दांच्या जन्मातच आहे.

४/ 'डेंजर'चे मूळ सरंजामशाहीत आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होता धन्याची सत्ता. त्याचे मूळ लॅटिन 'डोमिनस', म्हणजे धनी. एखाद्याच्या 'डेंजर'मध्ये असणे म्हणजे त्याच्या कचाट्यात असणे. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अँटोनिओच्या संदर्भात हा शब्द याच जुन्या अर्थाने येतो. म्हणून 'डेंजर' ही केवळ सूचना नव्हे. त्या हद्दीत पाऊल टाकले, की आपले काही चालत नाही.

५/ 'कॉशन' लॅटिनमधून आले. 'कावेरे' म्हणजे जपून असणे. याच क्रियापदाचे एक रूप आपल्या तालुक्याच्या न्यायालयांतही रोज वावरते. जमिनीच्या वादात 'कॅव्हेट दाखल केले' असे आपण म्हणतो, ते हेच. आपले म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये, अशी ती आगाऊ नोंद. कॉशन वाट अडवत नाही. जपून जा, एवढेच सांगते.

६/ या पायऱ्या रोजच्या व्यवहारात आणल्या त्या रेल्वेने. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८५५ मध्ये वासिंदला, १८६१ मध्ये कसाऱ्याला आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचली. घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट. उतरताना गाडी आवरली नाही, तर तिला थोपवण्यासाठी चढावर नेऊन संपवलेले रूळ इथे टाकावे लागले. अशा जागी 'थांब' आणि 'जपून ये' यांतील फरक म्हणजे माणसांचे प्राण.

७/ एक गंमत पाहा. आरंभीच्या ब्रिटिश रेल्वेत लाल म्हणजे डेंजर, हिरवा म्हणजे कॉशन आणि पांढरा म्हणजे वाट मोकळी! पण पांढरा दिवा इतर कोणत्याही दिव्यासारखाच दिसे, शिवाय लाल काच फुटली तर धोक्याचा दिवाही पांढरा दिसे. पुढे हिरव्याला मोकळ्या वाटेचा मान मिळाला आणि कॉशनकडे पिवळा आला.

८/ आजच्या भारतीय रेल्वेत चार दिव्यांचा सिग्नल असतो. लाल : थांबा. एक पिवळा, 'कॉशन' : पुढच्या सिग्नलला थांबण्याच्या तयारीने चला. दोन पिवळे, 'अटेन्शन' : पुढचा सिग्नल कमी वेगाने ओलांडण्याच्या तयारीने चला. हिरवा : चला. शिवाय 'कॉशन ऑर्डर' असते. कोणत्या किलोमीटरवर किती वेग, याची ही लेखी यादी लोको पायलट सही करून घेतो. येथे प्रत्येक शब्दाला एक ठरलेली कृती जोडलेली आहे.

९/ पाण्याच्याही पायऱ्या आहेत. १८९२ मध्ये मुंबईची तहान भागवण्यासाठी तानसाचे धरण पूर्ण झाले. आज जिल्ह्यातील नद्यांच्या पूरवार्तांत दोन आकडे असतात, 'इशारा पातळी' आणि 'धोका पातळी'. बदलापूरला उल्हास नदीसाठी ते १६.५० आणि १७.५० मीटर आहेत. वॉर्निंग आणि डेंजर यांच्यामध्ये उरते ते फक्त एक मीटर पाणी. गुरे सोडायची, सामान उचलायचे, म्हाताऱ्यांना हलवायचे, ते या मीटरभरात.

१०/ सर्वांत मोठी गल्लत हवामानाच्या रंगांत होते. हवामान खात्याच्या संकेतात पिवळा म्हणजे 'वॉच', माहिती घेत राहा. नारिंगी म्हणजे 'अलर्ट', तयार राहा. लाल म्हणजे 'वॉर्निंग', कृती करा. आपण मात्र तिन्हींना 'अलर्ट' म्हणतो. मग 'रेड अलर्ट' ऐकणारा नुसता सावध होऊन घरीच बसतो. वेळ मात्र हालचालीची असते.

११/ शेतातही हेच. कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोण पाहा. लाल आणि पिवळ्यावर 'पॉयझन', निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. १९७१ च्या नियमांनुसार ही विषारीपणाची उतरती श्रेणी आहे. रेल्वेत हिरवा म्हणजे खुशाल चला, पण डब्यावरचा हिरवाही जपायलाच सांगतो. पिवळा इथे तीव्र विष दाखवतो. रंग तेच, पायरी वेगळी. म्हणून रंगासोबत शब्द वाचलाच पाहिजे.

१२/ मराठीला पायऱ्या नव्हत्या असे नाही. 'सावधान' म्हणजे अवधानासह; मंगलाष्टकातही तेच आणि कवायतीतही. 'इशारा' अरबी, मूळ अर्थ खूण. 'ताकीद'ही अरबी, मुळात ठासून सांगणे. पेशवाईतील ताकीदपत्रांमागे सरकारचा अधिकार असे. 'खबरदार' म्हणजे ज्याला खबर आहे तो. आज मात्र त्यात धमकी ऐकू येते : 'खबरदार, हात लावलास तर!'

१३/ आता वापर. 'वॉर्न' करताना संकट सांगायचे असेल तर 'ऑफ' किंवा 'अबाऊट', एखाद्या कृतीपासून परावृत्त करायचे असेल तर 'अगेन्स्ट'. 'अलर्ट'नंतर 'टू'. 'बिवेअर'नंतर 'ऑफ', आणि त्याचा भूतकाळ आजच्या इंग्रजीत करत नाहीत. ते आज्ञेचेच क्रियापद. काल सावध राहून काय उपयोग!

१४/ मित्रहो, गावाच्या ग्रुपवर इशारा पुढे पाठवताना तीन गोष्टी तपासा : कशाचा, केव्हापर्यंतचा आणि ऐकणाऱ्याने नेमके काय करायचे. 'सतर्क' या शब्दात 'तर्क' आहे. 'तानसा भरले, अलर्ट राहा' एवढ्याने तर्काला काही मिळत नाही. 'पाणी सोडले आहे, आज नदीपात्रात उतरू नका, गुरे वर घ्या' असे लिहिले, की वाचणाऱ्याला आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत ते कळते.